युरोपची एकच यादी आली कुठून?

द्राक्षाचा सिझन लागला की पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागात 'युरोपचा माल' हा शब्द रोज कानावर पडतो. म्हणजे रेसिड्यूत (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीत) पास झालेला, पनेटमध्ये म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यात भरून कंटेनरनं नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात जाणारा माल. पण तिकडं युरोपियन युनियनमध्ये 27 देश, 27 सरकारं, भाषा वेगळ्या, मग औषधाच्या अंशाची लिमिट सगळ्यांची एकच कशी काय? हे समजून घ्यायचं तर पार कोळशापर्यंत मागं जावं लागतं.

1870, 1914 आणि 1939, सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले. त्यात सरहद्दीवरचा लॉरेन प्रांत इकडून तिकडं जायचा, तिथंच खनिज लोखंड, जवळच कोळसा, आणि तोफा त्याच्यातूनच बनायच्या. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान याच भागातल्या घराण्यातला, जन्मला तेव्हा कागदोपत्री जर्मन नागरिक होता आणि पहिल्या महायुद्धानंतर लॉरेन परत फ्रान्सकडं आल्यावर फ्रेंच झाला, म्हणजे ह्या भांडणाची किंमत त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. 9 मे 1950 ला त्यानं जाहीर केलं की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक संस्थेच्या ताब्यात देऊ. मूळ कल्पना झाँ मॉने याची. 1951 मध्ये पॅरिसला करार झाला, सह्या सहा देशांच्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झालेली, घरटी कुणीतरी गेलेलं, आणि तरी ही माणसं एका टेबलावर बसली, मला तर हे आजही फार मोठं वाटतं.

मग लगेच मोठी उडी मारायला गेले, सगळ्यांचं मिळून एकच सैन्य करायचं. 1954 मध्ये फ्रान्सच्याच संसदेनं ते पाडलं. माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट हाच, कारण त्यानंतर त्यांनी राजकारण थोडं बाजूला ठेवून बाजाराचा रस्ता धरला. 25 मार्च 1957 ला रोमचा करार झाला आणि 1 जुलै 1968 पर्यंत सहा देशांमधली जकात संपली. शेतीला हमीभाव दिला, इतका दिला की पुढं लोणी आणि दूध पावडर गोदामात मावेना. भांडणंही जोरात झाली, फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल यानं ब्रिटनला 1963 आणि 1967 असं दोनदा दारातून परत पाठवलं, 1965 मध्ये तर शेतीच्या पैशावरून फ्रान्सनं सहा-सात महिने बैठकांना प्रतिनिधीच पाठवले नाहीत. पण तुटलं नाही.

जकात गेली तरी माल अडायचाच, कारण नियम ज्याचे त्याचे. जर्मनीचा कायदा सांगायचा की फळाच्या लिकरमध्ये किमान 25 टक्के अल्कोहोल पाहिजे, आणि फ्रान्सच्या कॅसिस नावाच्या लिकरमध्ये असायचं 15 ते 20, झालं, बाटली बॉर्डरवर बंद. 1979 मध्ये युरोपच्या कोर्टानं निकाल दिला की एका देशात कायदेशीर विकला जाणारा माल दुसऱ्यानं सबळ कारण असल्याशिवाय अडवायचा नाही. एवढ्याशा बाटलीवरून पुढं सगळी सामायिक बाजारपेठ उभी राहिली, 1 जानेवारी 1993 पासून.

आपल्या कामाची गोष्ट त्याच्याही नंतरची. कीटकनाशकाच्या अंशाच्या बऱ्याच मर्यादा पूर्वी देशागणिक वेगळ्या होत्या, जर्मनीला चालणारा माल शेजारी चालेलच असं नाही. 1 सप्टेंबर 2008 पासून सगळ्या सदस्य देशांना एकच यादी लागू झाली, आणि ज्या औषधाची लिमिट ठरलेली नाही त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम. एक यादी म्हणजे एकदा पास झाला की सगळीकडं पास, पण नापास झाला तर सगळीकडंच नापास. 2010 मध्ये ते आपल्या भागानं भोगलं. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते क्लोरमेक्वाट, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, तिकडं ते सापडलं आणि माल अडकला. ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती त्यांचे ते दिवस आठवले तरी वाईट वाटतं. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि फवारणीची नोंद वहीत नीट ठेवणं आलं. पुढं युनियनमध्ये घेतलेला ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडला, त्यामुळं आता त्यांची लिमिट वेगळी बघावी लागते.

आणि हे सगळं वाचताना लासलगावचा कांदा डोळ्यासमोर येतोच. आपल्या उपखंडातही सार्क ही शेजारी देशांची संघटना आहे, कल्पना बांगलादेशच्या झियाउर रहमान यांची, स्थापना डिसेंबर 1985 ला ढाक्यात, मुक्त व्यापाराचा करार 2006 पासून लागू. तरी कांद्याची निर्यात कधी बंद कधी चालू, डिसेंबर 2023 मध्ये बंद केली ती मे 2024 मध्ये उघडली, आणि तिकडून बांगलादेशही मनात येईल तेव्हा आयातीचं दार लावतो. सार्कची शेवटची शिखर परिषद 2014 ला काठमांडूत झाली, 2016 ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली, त्यानंतर एकही झालेली नाही.