पर्यावरणपूरक ऑपेरा आणि नाट्यनिर्मिती

नाटक किंवा ऑपेरा (म्हणजे गाण्यातून सादर होणारं पाश्चात्त्य संगीतनाटक) उभा करताना, चालवताना आणि प्रयोग थांबल्यावर सगळं आवरताना निसर्गावर जो भार पडतो तो कमी करत जायचं, ह्याला पर्यावरणपूरक नाट्यनिर्मिती म्हणतात. सेट, कपडेपट, लाइट्स, दौरे, थिएटरची इमारत, प्रेक्षकांचं येणंजाणं, सगळंच त्यात आलं. बऱ्याच जणांना वाटतं की लाइट बदलले की झालं, पण नाटकवाल्यांच्या स्वतःच्या हातात सगळ्यात जास्त जे आहे ते म्हणजे सेट.

ऑपेराचा सेट म्हणजे प्रचंड काम असतं. खाली लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल कोरून केलेले दगड आणि खांब, मग रंगाचे थर आणि आग लागू नये म्हणून मारलेलं केमिकल, आणि हे सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की नंतर वेगळं करायचं म्हटलं तरी होत नाही, मग लोखंड तेवढं भंगारात जातं आणि बाकीचं थेट कचऱ्यात. त्यात पुन्हा सेट उतरवायला अनेकदा एकच रात्र मिळते, सकाळी दुसऱ्या नाटकाचा ट्रक दारात उभा असतो, त्यामुळे स्क्रू काढत बसायला वेळच नसतो आणि करवत चालते. म्हणून आता सेट गोंदाऐवजी नटबोल्टने जोडा, ठरावीक मापाच्या लेव्हल्स (चौथरे) आणि फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) वापरा म्हणजे ते पुढच्या नाटकाला लागतील, आणि उतरवायला जास्त वेळ द्या असं सांगितलं जातं. जुन्या मालावर काम करायला माणसांचे तास जास्त लागतात हे खरंच आहे, त्यामुळे बजेटमधले मालाचे पैसे माणसांकडे वळवावे लागतात, आणि ते निर्मात्याने सुरुवातीलाच मान्य केलं नाही तर पुढचं सगळं अवघड होतं.

खरं तर सेट पुन्हा वापरायची ही पद्धत नवीन नाहीच. अठराव्या शतकात युरोपातल्या थिएटरांकडे राजवाडा, जंगल, तुरुंग असे तयार रंगवलेले सेट असायचे आणि तेच वेगवेगळ्या ऑपेरांना वापरायचे. स्वीडनमध्ये ड्रॉटनिंगहोमचं १७६६ सालचं थिएटर आहे, तिथली लाकडी यंत्रणा अजून चालते आणि त्या काळातले रंगवलेले सेटही जपून ठेवलेत. पुढे प्रत्येक निर्मितीचं जग नवं हवं असं दिग्दर्शक आणि नेपथ्यकारांना वाटायला लागलं, त्यातून कला मोठी झाली यात शंका नाही पण कचराही तिथूनच वाढला.

ब्रिटनमधल्या नाट्यकर्मींनी ब्यूरो हॅपोल्ड ह्या इंजिनिअरिंग कंपनीला बरोबर घेऊन थिएटर ग्रीन बुक ही पर्यावरणपूरक निर्मितीची मार्गदर्शिका तयार केली, पहिला भाग २०२१ मध्ये आला. त्यातली सुरुवातीची पायरी अशी की निर्मितीतला ५० टक्के माल आधी कुठेतरी वापरलेला किंवा रिसायकल केलेला असावा आणि नंतर ६५ टक्के माल पुन्हा वापरात किंवा रिसायकलिंगला जावा. मला ह्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की ही चर्चा सेटचं पांढऱ्या पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल टेबलावर असतानाच करायची. एकदा ड्रॉइंग वर्कशॉपला गेलं की फार काही बदलता येत नाही. त्याआधी २००७ मध्ये लंडनला ज्युलीज बायसिकल ही कलाक्षेत्रात पर्यावरणासाठी काम करणारी संस्था सुरू झाली होती, आणि २०१२ पासून आर्ट्स कौन्सिल इंग्लंड ह्या कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेने अनुदान घेणाऱ्या संस्थांना पर्यावरणाचा हिशोब देणं बंधनकारक केलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे ह्या नाट्यविश्वात २००८ पासून ब्रॉडवे ग्रीन अलायन्स काम करते.

लाइट्सचं म्हणाल तर जुन्या टंगस्टन (तार तापून उजळणाऱ्या) दिव्यात बहुतेक वीज उष्णतेत जाते, मग ती उष्णता घालवायला एसी जास्त चालवावा लागतो, म्हणजे दोनदा खर्च. एलईडीने हे वाचतं. पण टंगस्टन मंद होत जाताना जो उबदार लालसर रंग येतो त्यावर प्रकाशयोजनाकारांचा जीव असतो आणि स्वस्त एलईडी सलग नाही तर टप्प्याटप्प्याने मंद होतात, त्यामुळे त्यांची तक्रार उगाच नसते.

इमारतींमध्ये सिडनी ऑपेरा हाउस १९७३ पासून बंदरातलं समुद्राचं पाणी वापरून गारवा ठेवतं. इंग्लंडच्या ग्लाइंडबर्न ऑपेराने स्वतःची पवनचक्की उभारली, २०१२ मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी ती सुरू केली.

उरतो प्रवास. कलाकार आणि सामान विमानाने फिरवण्याऐवजी रेल्वेने जायचं, जवळजवळच्या गावांचे प्रयोग एका फेरीत घ्यायचे, किंवा दोन-तीन ऑपेरा हाउसने मिळून एकच सेट करायचा, फक्त तेव्हा तो सगळ्यात लहान स्टेजच्या मापाने डिझाइन करावा लागतो. फ्रेंच कोरिओग्राफर जेरोम बेल यांच्या कंपनीने २०१९ पासून विमानप्रवासच सोडला, ते दुसऱ्या देशातल्या कलाकारांबरोबर व्हिडिओ कॉलवर तालीम करतात आणि काम तिथल्याच माणसांवर उभं राहतं. प्रेक्षकांच्या गाड्यांवर मात्र थिएटरचा फारसा ताबा नसतो, तरी शेवटची ट्रेन पकडता येईल अशी प्रयोगाची वेळ ठेवणं एवढं नक्कीच करता येतं.