आकार बघू नका, जागा बघा

पाऊस सुरू झाला की ग्रूपवर फोटो यायला लागतात. कोण पन्हाळ्याला गेलेलं असतं, कोण मसाई पठारावर, कोण राधानगरीला, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, "हे कुठलं फूल?" फोटोत फूल अगदी जवळनं घेतलेलं, मागचं सगळं ब्लर केलेलं, दिसायला एक नंबर आणि ओळखायला काही उपयोगाचं नाही, कारण पान दिसत नाही आणि ते पान खोडाला कुठं लागलंय ते तर त्याहून दिसत नाही. मग खाली पाच जण पाच नावं टाकतात आणि विषय संपतो.

वनस्पतिशास्त्रातले शब्द म्हटलं की लोक लांब पळतात, अकरावीची आठवण येते, निदल, दल, पुमंग, जायांग, आकृती काढा व भागांना नावे द्या. पण रानात उपयोगी पडणारे बरेचसे शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतात, ती म्हणजे कुठला भाग कुठून निघालाय. आकार फसवतो. जागा सहसा फसवत नाही.

सोप्यापासून सुरू करू. चिंचेचं एक पान तोडा म्हटलं तर दहातले नऊ जण ते नखाएवढं बारकं पान तोडतात. ते पान नव्हेच, ती पर्णिका. चिंचेचं पान म्हणजे ती अख्खी काडी, दोन्ही बाजूच्या बारक्या पर्णिकांसकट, आणि अशा पानाला म्हणायचं संयुक्त पान. कडुनिंबाचंही तसंच. आता आवळ्याची फांदी बघा, हुबेहूब चिंचेसारखी दिसते, पण तिथं ते बारकं पान म्हणजेच पूर्ण पान आहे आणि काडी ही खरोखरची फांदी आहे. हे कळणार कसं? बगलेत बघायचं. पान जिथं खोडाला मिळतं त्या वरच्या कोपऱ्याला कक्ष म्हणतात आणि कळी, फूल, नवी फांदी काय निघायचं ते या कक्षातनं निघतं. चिंचेच्या पर्णिकेच्या बगलेत कधीच काही सापडत नाही, कळी असते ती अख्ख्या काडीच्या बुडाशी. आवळ्यात मात्र त्या बारक्या पानाच्या बगलेत फुलं येतात आणि पुढं आवळेही तिथंच काडीला चिकटून धरतात. घराशेजारी कुंडीत उगवणारी भुईआवळी उलटी करून बघितली तर हीच गंमत छोट्या साइजमध्ये दिसते, पानांच्या खाली फळांची रांग.

हे एकदा डोक्यात बसलं की मग काट्यांकडं वळायचं, आणि माझ्या मते सगळ्यात मजा इथंच आहे, कारण टोचताना सगळे काटे सारखेच वाटतात पण झाडाच्या हिशोबात ती तीन वेगळीच प्रकरणं आहेत. करवंदाचा काटा ही बदललेली फांदी आहे. लिंबाचाही तसाच, पानाच्या कक्षातनं निघालेला, आत पाणी वाहणाऱ्या नळ्या असलेला, म्हणून तो हातानं सहजासहजी मोडत नाही. बाभळीचा काटा वेगळा, हा दुसरा प्रकार, पानाच्या भागांपासून झालेला. पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूला जी दोन बारकी पानासारखी अंगं असतात ना, उपपर्णं म्हणतात त्यांना, जास्वंदीला नीट बघितलं तर दिसतील, त्यांचेच बाभळीत काटे झालेत, म्हणून ते जोडीनं येतात. बोरीचंही तेच, फक्त बोरीनं जास्त डोकं लावलंय, जोडीतला एक काटा सरळ आणि एक वाकडा, त्यामुळं शर्ट अडकला की पुढंही जाता येत नाही आणि मागंही येता येत नाही. फड्या निवडुंगात तर पानांचेच काटे झालेत, आणि ज्याला आपण निवडुंगाचं पान समजतो ते हिरवं जाड फडं म्हणजे खोड. तिसरा प्रकार गुलाब, घाणेरी, काटेसावर, पांगारा. हे काटे म्हणजे नुसत्या सालीवर आलेले उंचवटे, ना फांदी ना पान, कुठंही उगवलेले, काही क्रम नाही, आणि बाजूनं अंगठा लावून दाबलं की टक्कन निघतात. सावरीच्या कोवळ्या बुंध्यावरचा एखादा काटा असा काढून बघा.

म्हणजे नुसतं "काटेरी झाड" म्हणून काहीच सांगितलं जात नाही. काटा कुठून निघालाय हे सांगितलं तर निम्मं झाड सांगून झालं.

पानांची मांडणी पटकन सांगतो. एका पेरावर, म्हणजे खोडावरच्या गाठीवर, एकच पान आणि पुढच्या पेरावर दुसऱ्या बाजूला दुसरं असेल तर एकाआड एक, एका पेरावर समोरासमोर दोन असतील तर समोरासमोर, आणि तीन किंवा जास्त असतील तर मंडलाकार, कण्हेर बघा. एवढंच. पण रानभाज्यांच्या सीझनमध्ये हे कामाला येतं. कुर्डू आणि आघाडा एकाच कुळातले, दोघांचीही कणसासारखी फुलोऱ्याची दांडी, पण कुर्डूची पानं एकाआड एक आणि आघाड्याची समोरासमोर. वेलींचे ताणेही, म्हणजे आधाराला गुंडाळणारे ते बारके दोरे, असेच बघायचे. करटोलीचा ताणा पानाच्या शेजारनं, पेरातनं निघतो, आणि कळलावीच्या पानाचं टोकच लांब होऊन त्याचा ताणा होतो. कळलावीत कोल्चिसिन असतं, जबरदस्त विषारी, त्यामुळं फूल यायची वाट न बघता पानाच्या टोकावरनं ती ओळखता येणं बरं. आणि एक सांगून ठेवतो, हे वाचून रानात जाऊन भाजी खुडायला लागू नका, जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय नाही.

आता फूल. रस्त्याकडेला सगळीकडं असते ती एकदांडी, काही जण तिला दगडी पाला म्हणतात. लांब दांडीवर एक फूल, कडेनं फिकट पाकळ्या आणि मधे पिवळं. ते एक फूल नाही. मधला प्रत्येक पिवळा ठिपका हे स्वतंत्र फूल आणि कडेची प्रत्येक "पाकळी" हेही स्वतंत्र फूल, ही सगळी गर्दी एका बैठकीवर बसलेली, आणि या प्रकाराला स्तबक म्हणतात. झेंडू, सूर्यफूल, पठारं पिवळी करणारी सोनकी, सगळी याच कुळातली. नखानं एक स्तबक उभं फाडून दहापट लेन्सखाली धरलं की मधल्या एकेका बारक्या फुलात पुंकेसर, कुक्षी, म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग सापडतात.

रंगीत दिसलं की पाकळी समजायचं, ही सवय तर सोडायलाच पाहिजे. बोगनवेलीची गुलाबी "फुलं" म्हणजे छद, म्हणजे फुलाखालची पानं, खरं फूल आतली ती पांढरट बारकी नळी. सापकांद्याचा फणाही छदच, फक्त मोठा, म्हणून महाछद, आणि खरी फुलं आतल्या दांड्यावर बुडाशी लपलेली. घाटातल्या भूतकेसाचं ते पांढरं पान लांबनं चमकतं, पण ते पानही नाही आणि छदही नाही, ते फुलाच्या निदलपुंजातलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या सहसा हिरव्या असणाऱ्या वर्तुळातलं, एकच निदल वाढून तसं झालंय. तिन्हींचं काम तेच, किड्याला बोलवायचं. जागा मात्र तीन.

कोल्हापुरात बसून हे लिहायचं आणि कंदीलपुष्पाचं नाव काढायचं नाही असं कसं चालेल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या फुलांवर बरीच वर्षं काम चाललंय. पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना जुळून कंदिलासारखा पिंजरा होतो, खाली नळी, आणि बऱ्याच जातींत नळीच्या आत खाली वळलेले केस. बारकी माशी वासानं आत जाते, केसांमुळं वर येता येत नाही, मग काही काळानं केस सुकतात आणि ती परागांचं ओझं घेऊन सुटते. 2023 मध्ये विशाळगडावरनं या गटातली नवी जात जाहीर झाली, शिवाजी महाराजांवरनं तिचं नाव सेरोपेजिया शिवरायियाना ठेवलं. आता नवी जात म्हणून जगासमोर ठेवायची तर "ही वेगळी दिसते" म्हणून भागत नाही. जवळच्या जातीपेक्षा नेमकं कुठं वेगळी हे शब्दांत लिहावं लागतं, वेल आहे की सरळ उभी, देठावर लव आहे का, नळी बुडाशी किती फुगलेली, आणि हे वर्णन 2011 च्या अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यायला लागायचं, आता इंग्रजीही चालतं. फोटो कितीही भारी असला तरी तो वर्णनाची जागा घेत नाही.

बाकी दसऱ्याचंही असंच. आपटा म्हणून बाजारात बऱ्याचदा कांचनाची पानं खपवतात. दोन्हींच्या पानाला मधे खाच असते, ती देठापर्यंत पोचत नाही म्हणून ते एकच पान, दोन खंडांचं. पण आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं चांगलं मोठं. शमी म्हणून कुणी वेडी बाभूळ दाखवली तर काटे बघा, वेड्या बाभळीचे पेरावर येतात, शमीचे दोन पेरांच्या मधे विखुरलेले. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या गर्दीत हे कुणाला समजवायला जाऊ नका मात्र, तिथं जे हातात येईल तेच सोनं.