होरेमहेबच्या मांडीवरचे स्तोत्र

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ग्रॅनोडायोराइट दगडाचा एक पुतळा आहे. उंची ११३ सेंटिमीटर. मांडी घालून बसलेला एक माणूस, छातीखाली सुखवस्तूपणाच्या वळ्या, मांडीवर उलगडलेली पपायरसची गुंडाळी. हा होरेमहेब, प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामून याचा सरसेनापती. पुढे सुमारे इसवी सन पूर्व १३२३ मध्ये तो स्वतः फेरो, म्हणजे इजिप्तचा राजा, झाला. पुतळा त्याआधीचा आहे. कपाळावर राजचिन्हाचा नाग नाही, हातात शस्त्रही नाही. सेनापतीने स्वतःला लेखनिक म्हणून घडवून घेतले, आणि मांडीवरच्या गुंडाळीवर कोरवले ते लेखन, ज्ञान आणि मोजमापाचा देव थॉथ याचे स्तोत्र.

राजे देवांसाठी पुष्कळ काही उभारत. आमेनहोतेप तिसरा याने थॉथच्या ख्मून नगरीत, म्हणजे ग्रीकांच्या हर्मोपोलिसमध्ये, थॉथचा पवित्र प्राणी असलेल्या बबून माकडांचे प्रचंड पुतळे बसवले. पण ते राज्याच्या खर्चाने झालेले राज्याचे काम. होरेमहेबचा पुतळा त्याच्या स्वतःच्या नावाचा आहे, म्हणून व्यक्तिगत भक्तीचा माग काढायला तो अधिक उपयोगी.

या दगडात अक्षर कोरणे सोपे नव्हते. ग्रॅनोडायोराइटमधल्या क्वार्ट्झची कठीणता १ ते १० च्या मोह्स मापावर ७, फेल्डस्पारची ६. कांस्याची छिन्नी त्याच्यापुढे बोथट होते. म्हणून ढोबळ आकार डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून काढायचा आणि मग वाळूने घासत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, अशी इजिप्शियन कारागिरांची रीत होती. बारीक चित्रलिपीत खरी अडचण येते ती फेल्डस्पारच्या स्फटिकांची. ते ठरावीक प्रतलांवर फुटतात, त्यामुळे एक चुकार ठोका पडला की अक्षराची कड उडते, आणि दगडात खोडाखोड करता येत नाही. स्तोत्र लांबलचक आहे. मोजक्या शब्दांत भागले असते तर कोणी एवढा उपद्व्याप केला नसता.

स्तोत्रातला थॉथ आधी चंद्र आहे, रात्री उगवून देवांना प्रकाश देणारा. पण लगेच त्याचे काम कचेरीतले होते. तो बोलण्यावरून माणूस ओळखतो, कृत्य करणाऱ्यावरच उलटवतो, सूर्यदेवाला सगळ्या घडामोडी कळवतो आणि कालचा अहवाल विसरत नाही. तो खटले मिटवणारा वजीर आहे, नोंदवही सांभाळणारा लेखनिक आहे. तराजूचा सरळ ओळंबाही तोच. ही भाषा हिशेब आणि निवाडे रोज हाताळणाऱ्याची वाटते.

ओळंब्याचा उल्लेख शोभेचा नाही. इजिप्शियन तराजूच्या दांडीला मध्यभागी काटकोनात एक जीभ असे आणि शेजारी दोरीला ओळंबा टांगलेला. दांडी आडवी झाली की दोरी आणि जीभ समांतर दिसतात. दांडी किंचित कलली तरी डोळ्याला ते लगेच कळते. परलोकासाठीच्या मंत्रांचा संग्रह असलेल्या ‘मृतांच्या ग्रंथा’तल्या चित्रांत मृताचे हृदय तोलले जाते तेव्हा थॉथचा बबून याच तराजूवर बसलेला दिसतो.

मात्र ओळंबा सगळे पकडत नाही. दांडीच्या एका बाजूची लांबी २० सेंटिमीटर आणि दुसरीची २०.२ असेल, तर रिकामी पारडी जुळवून दांडी आडवी करता येते, ओळंबा ‘ठीक’ म्हणतो, आणि वजन मात्र १ टक्क्याने चुकते. त्या काळचे एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम, त्याचा दहावा भाग किते. म्हणजे देबेनमागे जवळजवळ एक दशांश कितेची चोरी, आणि माल सोने असेल तर ती थोडी नव्हे. उपाय साधा आहे: माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलायचे. फरक आला तर दांडी खोटी.

आता सावधगिरीची गोष्ट. लेखनिकाची बैठक ही होरेमहेबची कल्पना नव्हे. आमेनहोतेप तिसऱ्याचा मातब्बर अधिकारी, हापूचा मुलगा आमेनहोतेप, याचे असेच पुतळे कर्नाकच्या देवळात होते. साक्षर असणे हीच मोठ्या हुद्द्याची खूण होती. शिवाय या पुतळ्याच्या हातावर आमुन देवाची आकृती कोरलेली आहे, तेव्हा भक्ती एकट्या थॉथची नव्हतीच. तरी थॉथ पुन्हा पुन्हा भेटतो. राजा होण्याआधी होरेमहेबने सक्काऱ्याच्या दफनभूमीत बांधलेल्या थडग्याची शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीवर होरेमहेब सूर्यदेव रे-होराख्ती, थॉथ आणि सत्याची देवता मात यांच्यापुढे उभा आहे. याच थडग्यातल्या त्याच्या चित्रांना तो राजा झाल्यावर कपाळी नाग कोरून जोडला गेला. तुरिनच्या संग्रहालयातल्या राज्याभिषेकाच्या लेखात त्याच्या सल्ल्याची तुलना आयबिस पक्ष्याच्या चालीशी केली आहे. थॉथचा हा पक्षी आपल्याकडच्या पांढऱ्या शराटीचा आफ्रिकेतला भाऊबंद. चिखलात एकेक पाऊल जपून टाकतो.

राजा झाल्यावर त्याने काय केले, ते कर्नाकच्या देवळाच्या दहाव्या दरवाजाजवळच्या आदेशशिळेवर आहे. शिळा बरीच तुटलेली आहे, पण कलमे वाचता येतात. सरकारी कामाची नाव गरिबाकडून हिसकावणाऱ्याचे नाक कापून सीमेवरच्या त्जारू किल्ल्यावर रवानगी. रयतेची कातडी बळकावणाऱ्या सैनिकाला १०० फटके आणि ५ उघड्या जखमा, म्हणजे त्याच्याच जुन्या खात्यातल्या लोकांना. आणि लाच खाऊन निवाडा फिरवणाऱ्या न्यायाधीशाला मृत्युदंड. मला यातले सगळ्यात चाणाक्ष कलम वेगळे वाटते. न्यायमंडळांकडून सोन्या-चांदीचा कर घेणे होरेमहेबने बंद केले. सरकारच न्यायाधीशाकडून वसुली करू लागले तर तो ती भरपाई पक्षकारांच्या खिशातून काढणार, हे त्याने ओळखले होते.