पर्यटक-पुनरागमन

पर्यटक-पुनरागमन : ज्या प्रदेशाचे पोट पर्यटनावर आहे, विशेषतः बेटावर, तेथे दुर्घटना घडल्यानंतर प्रवाशांना पुन्हा बोलावण्यासाठी केले जाणारे संघटित प्रयत्न. कारण त्सुनामी असो, वणवा असो की बॉम्बस्फोट, पुढचा क्रम बराचसा सारखा असतो. आरक्षणे रद्द होतात, विमानांच्या फेऱ्या घटतात आणि ज्यांच्या घराला झळही लागली नाही त्यांचा रोजगार जातो. बेटावर हे अधिक जाचते, कारण शेजारच्या जिल्ह्यात जाऊन मजुरी शोधण्याची सोय तेथे नसते. या विषयावरचे लिखाण बहुधा बोलावणाऱ्यांच्या बाजूने होते. येथे जाणाऱ्यांची बाजूही घेतली असून त्यासाठी खानदेशचे (जळगाव, धुळे, नंदुरबार) उदाहरण दिले आहे.

नाव आणि नकाशा : २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमान-निकोबार द्वीपसमूहात सर्वाधिक हानी निकोबारकडच्या बेटांची केली. ती बेटे आदिवासींसाठी राखीव असून सर्वसाधारण पर्यटकाला तेथे जाताच येत नाही. प्रवासी जातात ते पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) आणि हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) येथे. कार निकोबार पोर्ट ब्लेअरपासून अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. पोर्ट ब्लेअरच्या सखल भागाला फटका बसला, हॅवलॉकला तुलनेने थोडाच. पण बातमीत 'अंदमान-निकोबार' असे नाव जोडीनेच येत असल्याने भीतीही जोडीनेच पसरली. त्याच त्सुनामीनंतर मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्ट सुरू असताना पर्यटकांची संख्या २००४ मधील सुमारे ६ लाख १७ हजारांवरून २००५ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आली, आणि २००६ मध्ये पुन्हा ६ लाखांच्या पुढे गेली. त्यामुळे पुनरागमनाच्या मोहिमेतले पहिले काम जाहिरातीचे नसून नकाशाचे असते : काय बंद आहे, काय चालू आहे, आणि दोन्हींत अंतर किती. 'आम्ही सज्ज आहोत' असा मोघम निरोप वाचून कोणी तिकीट काढत नाही.

बाली (इंडोनेशिया) येथे १२ ऑक्टोबर २००२ रोजी कुटा भागातील स्फोटांत २०२ जण मारले गेले. त्यांपैकी ८८ ऑस्ट्रेलियन होते. महिनाभराने बेटावरील हिंदूंनी मोठा शुद्धिविधी केला. पुढे मृतांची नावे कोरलेले स्मारकही उभे राहिले. परदेशी पर्यटकांची संख्या २००३ मध्ये दहा लाखांच्या आत आली आणि २००४ मध्ये चौदा लाखांवर गेली. १ ऑक्टोबर २००५ रोजी पुन्हा स्फोट झाले आणि घसरण पुन्हा सुरू झाली. श्रीलंकेने २१ एप्रिल २०१९ च्या हल्ल्यांनंतर, ज्यांत अडीचशेहून अधिक माणसे गेली, दुसरा मार्ग धरला : १ ऑगस्टपासून भारतासह ४८ देशांच्या नागरिकांना व्हिसाशुल्क माफ केले. स्वस्ताईने भीती जात नाही. जावे की न जावे अशा विचारात असलेला तेवढा निघतो.

यजमानांची संमती : हवाईतील माउई बेटावर ८ ऑगस्ट २०२३ रोजी लहायना हे गाव वणव्यात बेचिराख झाले आणि शंभरावर माणसे दगावली. सुरुवातीला प्रशासनाने अनावश्यक प्रवास टाळण्यास सांगितले. त्यामुळे आगीपासून दूर असलेली किनारपट्टीही ओस पडली आणि लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. मग निरोप बदलला : पश्चिम भाग सोडून बाकी बेटावर या. पश्चिम माउई ८ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने खुले करण्याचे ठरले, तेव्हा हजारो रहिवाशांनी सह्यांचा अर्ज करून विरोध केला. घर गमावलेली कुटुंबे हॉटेलांच्याच खोल्यांत राहत होती, आणि त्यांतल्याच काहींना पाहुण्यांसमोर हसतमुखाने कामावर उभे राहायचे होते. लवकर या म्हणणारे आणि थांबा म्हणणारे, दोघेही माउईचेच. या पेचावर सर्वांना मान्य होईल अशी तारीख काढता येत नाही. निदान ती ठरवताना बसलेल्यांत जळालेल्या गावचे लोक असावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

खानदेशातील प्रवासी : येथील सहली मुख्यतः दिवाळीच्या सुटीत आणि परीक्षा संपल्यावर निघतात; परीक्षेनंतरच्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. शेतकरी कुटुंबे कपाशीचे पैसे हातात आल्यावर बेत आखतात. प्रवास बहुधा गटाने, सोबत आचारी असला तर अधिक बरे, कारण चौथ्या दिवशी शेवभाजीची आठवण येतेच. गटामुळे निर्णयही सामुदायिक होतो : एका घरातील आजी नको म्हणाल्या की चार घरांची नावे गळतात. सरकारी जाहिरातीपेक्षा नुकत्याच जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाला 'तठे आते कसं शे?' (तिथे आता कसे आहे?) असे विचारण्यावर अधिक भिस्त असते. टूरवाल्याने भरलेले पैसे परत देण्याऐवजी पुढची तारीख दिली, तर पुनरागमनाची निम्मी वाट तयार होते. मात्र ती निवड प्रवाशाची असली पाहिजे; पैसे अडकवून ठेवणे म्हणजे पुनरागमन नव्हे.

अंदमानची ओढ मराठी माणसाला समुद्रापेक्षा सेल्युलर तुरुंगातील सावरकरांच्या कोठडीमुळे अधिक, आणि अशी ओढ बातम्यांनी सहसा मोडत नाही. केदारनाथचेही तसेच : जून २०१३ च्या महापुरानंतर रोडावलेली यात्रा २०१९ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेली. भुसावळ आणि वरणगाव येथे केंद्रीय नोकरदार कुटुंबे बरीच आहेत. मूळ गावच्या रजा प्रवास सवलतीऐवजी अंदमान, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर वा लडाखला जाण्याची मुभा केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना दिली आहे. दूरच्या, पर्यटनावर अवलंबून असलेल्या प्रदेशांना तिचा थेट उपयोग होतो.

शोक प्रवासी पाठवणाऱ्या गावातच असला की हे सारे वेगळे होते. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमध्ये पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भाविकांची बस मर्स्यांगदी नदीत कोसळून २७ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक भुसावळ तालुक्यातील वरणगाव, तळवेल परिसरातील होते. अशा गावांना सवलतीचे दर कळवून काही साधत नाही. रस्ता कसा आहे, चालक कोण, बस कोणाची, विमा कोणता, हे प्रश्न तेथे दरपत्रकाच्या आधी येतात, आणि त्यांची उत्तरे टूरवाल्याने न विचारता द्यावीत.