पट्टे पॉलिशचे नाहीत, लाकडाचेच आहेत

भाच्याच्या एअर रायफलचा मेपलचा दस्ता सध्या मानपाड्याच्या घरी गॅलरीत बसून हाताने फिनिश करतोय, आणि बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "हे वाघासारखे पट्टे कुठल्या पॉलिशने काढले?" अहो, कुठल्याच नाही, ते झाडातच असतात.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, हे शाळेत झालंय. साध्या लाकडात नळ्या सरळ असतात, या मेपलमध्ये त्या पत्र्याच्या छपरासारख्या लाटांनी वाढतात. रंधा मारून सपाट केलं की कुठे नळी आडवी पडून राहते, कुठे तिचं तोंड कापून उघडं होतं. उघडं तोंड रंग जास्त पितं, तिथे गडद. १८व्या शतकात पेनसिल्व्हेनियातले बंदूक बनवणारे नायट्रिक ॲसिडमध्ये लोखंड विरघळवून ते दस्त्याला लावायचे आणि शेकायचे, मग आयर्न ऑक्साइडचा तांबूस तपकिरी रंग यायचा. त्याची वाफ विषारी, फ्लॅटमध्ये नकोच, मी पाण्यातला डाय लावला आणि सुकल्यावर ३२०च्या पॉलिश पेपरने हलकं घासलं, वरचा रंग निघतो, तोंडांतला राहतो.

पण दस्ता फिरवला की गडद पट्टा उजळतो आणि उजळ पट्टा गडद होतो, हे मला सगळ्यात आवडतं! लाटेच्या एका उतारावरून परतलेला उजेड डोळ्यात येतो, दुसऱ्या उताराचा भलतीकडे जातो, कोन बदलला की अदलाबदल. टायगर आय दगडातही असेच समांतर तंतू असतात. तो नशीब उघडतो म्हणून विकतात, त्याला काडीचा आधार नाही, पैसे घालवू नका, पण उजेडात फिरवून जरूर बघा.

आता वडापावचा कागद आठवा, तेल लागलं की आरपार दिसतो. अपवर्तनांक म्हणजे उजेड एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो त्याचं माप, हवेचा तो १, कागद आणि लाकूड ज्याचं बनतं त्या सेल्युलोजचा साधारण १.५, एवढा फरक असला की प्रत्येक सीमेवर उजेड विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेलाचा साधारण १.४८, ते हवेच्या जागी शिरलं की विखुरणं कमी होतं. लाकडातही तेच, उजेड खोल जाऊन आतल्या नळ्यांवरून परततो, म्हणून अळशीचं तेल लावल्याबरोबर पट्टे जिवंत होतात, आणि म्हणूनच जाड कणांचा रंग इथे नको, तो उजेड वरच अडवतो.

हे तेल उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाची चिंधी गोळा करून टाकली तर आपोआप पेटू शकते. माझ्या चिंध्या दोरीवर एकेक पसरून टाकल्यात, सुकून कडक झाल्याशिवाय कचऱ्यात जाणार नाहीत.