बँकेचा टोल-फ्री नंबर भारताबाहेर तुमच्या बँकेचा नसतो

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या पाकिटात हमखास एक चिठ्ठी असते. तिच्यावर पासपोर्टचा नंबर, प्रवासविम्याचा नंबर, मुलाचा पत्ता आणि सगळ्यात खाली ‘बँक : १८००…’ असं लिहिलेलं असतं. बाकी सगळं बरोबर, फक्त तो शेवटचा नंबर खोडायचा. असं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं : “अहो, कार्डाच्या मागे हाच छापलाय.” छापलाय, खरं आहे. पण बऱ्याच कार्डांवर त्याच्याच खाली, बारीक अक्षरात, आणखी एक नंबर असतो. त्याची सुरुवात +९१ ने किंवा ०२२, ०४४, ०८० अशा एसटीडी कोडने होते. परदेशातून बँकेला फोन करायचा तो त्या नंबरावर. कार्डावर नसला तर बँकेच्या वेबसाइटवर आणि अॅपमध्ये ‘भारताबाहेरून’ किंवा ‘अनिवासी ग्राहक’ अशा शीर्षकाखाली सापडतो.

टोल-फ्री म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, कॉलचे पैसे बँक भरते. १८६० ने सुरू होणाऱ्या नंबराला कॉलचे पैसे आपल्याला पडतात. १६०० तर आपण फिरवायचाच नसतो. बँकांनी ग्राहकांना सेवेसाठी फोन करताना ही मालिका वापरावी आणि जाहिरातीसाठी १४० ची, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. या तिघांवर याहून जास्त वेळ घालवण्याचं कारण नाही.

वेळ घालवायचा तो एका गोष्टीवर. १८०० हा आकडा आणि मुंबईच्या लँडलाइनचा आकडा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हींना ‘बँकेचा नंबर’ म्हणतात.

+९१ २२ आणि पुढे आठ आकडे, हा खरोखरीचा नंबर. +९१ म्हणजे भारत, २२ म्हणजे मुंबई, पुढचे आकडे म्हणजे तिथली ठरावीक लाइन. जगातल्या कुठल्याही टेलिफोन कंपनीला हा पत्ता वाचता येतो. १८०० च्या मागे अशी लाइनच नसते. तुम्ही भारतात १८०० फिरवता तेव्हा तुमची मोबाइल कंपनी तिच्याकडच्या यादीत बघते, की हा नंबर कुठल्या बँकेचा आणि आत्ता कुठल्या कॉल सेंटरकडे पाठवायचा, आणि मग कॉल एका खऱ्या नंबरावर वळवते. ही यादी आणि पैसे कुणी भरायचे याचा करार, दोन्ही भारतातल्या कंपन्यांमधले. लंडनमधल्या कंपनीकडे ना ती यादी, ना तो करार. घरातल्या माणसांनी एखाद्याला ‘बंड्या’ म्हणावं आणि सगळ्यांना कळावं, पण पोस्टमनला ‘बंड्या, पुणे’ लिहून चालू नये, तसं हे आहे.

इथवर सांगितलं की लोक म्हणतात, ठीक आहे, म्हणजे परदेशातून लागणार नाही एवढंच ना. नाही! लागला नाही तर फारसं बिघडत नाही. इंग्लंडमध्ये किंवा दुबईत तुम्ही १८०० फिरवाल, नंबर चुकीचा असल्याचं यंत्र सांगेल, तुम्ही वैतागाल आणि दुसरा नंबर शोधाल. गोष्ट बिघडते ती जिथे नंबर लागतो तिथे.

अमेरिकेत १ हा देशाचाच कोड आहे आणि ८०० हा तिथल्या टोल-फ्री नंबरांचा कोड. एक-आठशे, पुढे सात आकडे, एकूण अकरा. आपल्या अनेक बँकांचे नंबर १८००, मग तीन आकडे, मग चार आकडे, असेच असतात. एकूण अकराच. म्हणजे भारतातला टोल-फ्री नंबर अमेरिकेत जसाच्या तसा फिरवला की तो बरेचदा अमेरिकेतला एक संपूर्ण, बिनचूक नंबर होतो. तो कुणाचाही असू शकतो. सिंगापूरमध्येही १८०० च्या पुढे सात आकडे असतात. ऑस्ट्रेलियात आणि आयर्लंडमध्ये १८०० च्या पुढे सहा आकडे, एकूण दहा. आपल्याकडचे १८०० ११ किंवा १८०० २२ असे सुरू होणारे जुने नंबर दहाच आकड्यांचे आहेत. स्टेट बँकेचा १८०० १२३४ आठच आकड्यांचा, म्हणून तो अमेरिकेत अर्धवट नंबर ठरतो. इथे आकडे कमी पडणं हे तुमचं नशीब समजा.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण आमच्या घरात हे घडलं आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, अमेरिकेत एडिसनला आमच्याकडे आले होते. दुकानात कार्ड चाललं नाही. कारण साधं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, तो आपण सुरू करायचा असतो. बाबांनी घरी येऊन चिठ्ठीवरचा १८०० फिरवला. मी आत पोळ्या करत होते. स्पीकरवर आधी संगीत, मग एक बाई अगदी गोड आवाजात इंग्रजीत अभिनंदन करत होती, खरेदीचं व्हाउचर मिळालंय म्हणून. बाबांना तो उच्चार नीट कळत नव्हता. “हे काहीतरी स्कीमचं सांगतायत, थांब,” असं ते मला म्हणाले. मग तिने पाठवणीच्या खर्चासाठी कार्डाचा नंबर मागितला आणि बाबांनी चष्मा लावून, एकेक आकडा सुटा करून, वाचायला सुरुवात केली. आठ आकडे वाचून झाले होते. मी पिठाच्या हातानेच फोन बंद केला.

बाबा चाळीस वर्षं सरकारी नोकरीत हिशेब सांभाळलेला माणूस. अनोळखी माणसाचा फोन आला तर ते स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत. “पण अगं, फोन मी केला होता ना,” असं ते नंतर दोनतीनदा म्हणाले. तेच तर. आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलं गेलंय की समोरून फोन आला तर काही सांगू नका, स्वतः बँकेचा नंबर लावून बोला. तो धडा भारतात अचूक आहे. इथे त्याच धड्याने बाबा गाफील राहिले. नंबर कार्डावरचा, लावला आपण, मग पलीकडे बँकच असणार, असं कुणालाही वाटेल. पलीकडे असे चुकून लागलेले कॉल गोळा करण्यासाठीच नंबर घेऊन बसलेल्या कंपन्या असतात आणि त्या अमेरिकेत नव्या नाहीत.

मग +९१ २२ वाला नंबर लावला. आमच्याकडे संध्याकाळचे सात, म्हणजे भारतात पहाटेचे साडेचार, तरी माणूस लगेच मिळाला. परदेशातला वापर सुरू झाला आणि वाचलेल्या आठ आकड्यांमुळे धोका नाही असंही त्याने नीट समजावून सांगितलं.

आता एक उपप्रश्न, जो दर वेळी येतो : “पण माझं सिम भारतातलंच आहे, रोमिंग घेतलंय.” सिम भारतातलं असलं तरी टॉवर तिथला. कॉल आधी त्या देशाच्या नेटवर्ककडे जातो, त्याच्याच पद्धतीने वाचला जातो. न्यू जर्सीत रोमिंगवर फिरवलेला १८०० हा अमेरिकेतलाच १८००. रोमिंगवर भारतातली घरची लँडलाइन लावतानाही आपण +९१ लावतोच, तोच नियम.

दुसरा उपप्रश्न : “मग +९१ लावून पुढे १८०० फिरवला तर?” काही नेटवर्कवरून तो कधीमधी लागतो. लागला तर पैसे आंतरराष्ट्रीय कॉलचे पडतात, टोल-फ्री तो उरत नाही. पाकीट हरवलेलं असताना ‘कधीमधी लागतो’ असा नंबर जवळ बाळगण्यात मला काही अर्थ दिसत नाही. निदान तो दुसऱ्याच देशात कुणाकडे जात नाही, एवढीच त्याची जमेची बाजू.

बाकीचं भराभर. ०२२ मधलं शून्य भारतातल्या भारतात लावायचं असतं, +९१ च्या पुढे ते गळतं. +९१ ०२२ असं लिहू नका. अधिकचं चिन्ह मोबाइलवर शून्य दाबून धरलं की येतं. लँडलाइनवरून अमेरिकेत ०११, युरोपात आणि आखातात ००, ऑस्ट्रेलियात ००११, आणि मग ९१. मोबाइलवर यातलं काही लक्षात ठेवायची गरज नाही, + पुरतो.

काही बँका आपल्या अनिवासी ग्राहकांसाठी अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, आखाती देश असे देशवार टोल-फ्री नंबर देतात. ते खरे आहेत आणि चांगले आहेत, पण ज्या देशाचा नंबर त्याच देशात लागतो. अमेरिकेचा नंबर घेऊन युरोपच्या सहलीला गेलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून चिठ्ठीवर एकच नंबर लिहायला जागा असेल तर मी डोळे मिटून +९१ वालाच लिहीन. पैसे पडतात, पडू देत.

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या स्वतःच्याही जागतिक मदतवाहिन्या आहेत. कार्ड हरवल्याची नोंद करायला त्या उपयोगी पडतात, पण तुमच्या खात्यात काय चाललंय हे त्यांना माहीत नसतं. त्यांना बँकेचा पर्याय समजू नका.

साधा कॉल करताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे व्हॉट्सअॅपवरून लँडलाइन लागत नाही. वर्षानुवर्षं लोक स्काइपवरून भारतातल्या लँडलाइनला स्वस्तात फोन करायचे, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. संयुक्त अरब अमिरातीत तर इंटरनेटवरच्या कॉलवरच निर्बंध आहेत. म्हणून फोनमध्ये थोडा आंतरराष्ट्रीय टॉकटाइम राखून ठेवा. दुसरी अडचण ओळखीची. भारतातून नोंदवलेल्या मोबाइलवरून फोन केला की बँकेचं यंत्र आपल्याला ओळखतं. तिथल्या सिमवरून केला तर ओळखत नाही आणि ग्राहक क्रमांक किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे, फोन बँकिंगचा पिन असं मागतं. ग्राहक क्रमांक चिठ्ठीवर असू द्या. पिन मात्र पाठ हवा, तो लिहायचा नाही. आणि माणूस बोलायला आला की त्याला ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे सांगायचे नाहीत, तो कितीही गोड बोलला तरी.

अॅप चालू असेल तर फोनच्या आधी अॅप. कार्ड तात्पुरतं बंद करायची सोय तिथे असते, दोन बोटांचं काम. पण बरेचदा पाकीट आणि फोन एकाच पर्समधून एकदमच जातात. म्हणून नंबर फक्त फोनमध्ये ठेवून भागत नाही. कागद हवा आणि तो पाकिटात नको, बॅगेत हवा.

एवढी घाई का, तेही सांगते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, तर बँकेचा निरोप आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण ग्राहकाने स्वतःच माहिती कुणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. बाबांनी सोळाच्या सोळा आकडे, तारीख आणि मागचे तीन आकडे वाचून दाखवले असते, तर स्वतःच माहिती देणाऱ्या ग्राहकाच्या नियमात ते बसले असते. खरा नंबर शोधण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट तेव्हा त्यांच्या खिशातून गेलं असतं.

याच परिपत्रकात बँकांनी तक्रारीसाठी चोवीस तास टोल-फ्री सेवा ठेवावी असंही आहे. ते योग्यच आहे. माझी तक्रार छपाईबद्दल आहे. १८०० ठळक, मोठा, कार्डाच्या मधोमध, आणि +९१ त्याच्या खाली मुंगीएवढा. ज्या कार्डावर परदेशात चालेल म्हणून व्हिसाचं चिन्ह छापतात, त्यावर परदेशातून लागणारा नंबर साठीपुढच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यायला हवा.

मी आता परदेशी निघालेल्या प्रत्येकाकडून दोन गोष्टी करून घेते. निघण्याआधी +९१ वाला नंबर घरूनच एकदा लावून बघायचा. भारतातूनही तो लागतोच. आणि पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत, काही बिघडलेलं नसताना, तिथल्या फोनवरून पुन्हा लावायचा. बँकेचं नाव ऐकू आलं की ठेवून द्यायचा. बाबा या वर्षी आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी तो लावला. बँकेचं नाव ऐकलं, नंतर हिंदीसाठी दोन दाबा असंही ऐकलं, फोन ठेवला आणि चिठ्ठीवर त्या नंबरापुढे पेनाने बरोबरची खूण केली.