अळीच्या पोटातला प्रश्न

२२ मे १८६० रोजी चार्ल्स डार्विनने आसा ग्रे या आपल्या अमेरिकन मित्राला एक पत्र लिहिलं. ग्रे हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ, डार्विनच्या सिद्धांताचा तिकडचा खंदा पाठीराखा आणि पक्का श्रद्धाळू ख्रिस्ती. नैसर्गिक निवडीचं पुस्तक बाहेर येऊन सहा महिने झाले होते. उत्क्रांती खरी मानली तरी तिच्यामागे ईश्वराची योजना असायला हरकत काय, असं ग्रेचं म्हणणं. डार्विनला ते पटत नव्हतं. जगात दुःख फारच आहे, असं त्याने लिहिलं. पण उदाहरणादाखल त्याने ना युद्ध घेतलं, ना साथीचा रोग. त्याने घेतली एक माशी. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने इक्न्यूमॉन माश्या अळ्यांच्या जिवंत शरीरात पोसल्या जाव्यात याच हेतूने घडवल्या, असं मी स्वतःला पटवून देऊ शकत नाही, असं त्याचं म्हणणं. मांजर उंदराला खेळवून मारतं, तेही त्याच वाक्यात आहे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती माशी.

इक्न्यूमॉन हे गांधीलमाशीच्या गोतातले सडपातळ कीटक. त्यांच्या आजवर नोंदलेल्या जाती पंचवीस हजारांच्या घरात आहेत. अनेक जातींची मादी आपली अंडनलिका अळीच्या अंगात खुपसते आणि आत अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं अळीला आतून खाऊ लागतात, पण क्रमाने. आधी रक्तद्रव आणि चरबी, ज्यांच्यावाचून जगणं लगेच थांबेल ते भाग सर्वांत शेवटी. यजमान लवकर मेला तर अन्न सडेल. म्हणून पोखरली जात असतानाही ती अळी चालते आणि पानं खात राहते.

डार्विनला ठाऊक नव्हता तो तपशील तर आणखी थक्क करणारा आहे. अळीचं शरीर निमूटपणे हे सोसत नाही. परक्या अंड्याभोवती तिच्या रक्तपेशी गोळा होतात, त्याला सगळीकडून लपेटतात आणि संपवतात. त्यावर काही इक्न्यूमॉननी आणि त्यांच्या ब्रॅकोनिड या भाऊबंदांनी उतारा शोधला आहे. मादी अंड्यांबरोबर विषाणूंचे कणही टोचते. ते कण अळीच्या पेशींत शिरून तिची प्रतिकारयंत्रणा लुळी पाडतात. हे विषाणू बाहेरून आलेले नसतात. ते बनवण्याची कृती माशीच्या स्वतःच्या जनुकसंचातच लिहिलेली असते. ब्रॅकोनिड माश्यांच्या पूर्वजाला सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूचा संसर्ग झाला आणि तो पाहुणा कायमचा घरचा झाला, असं संशोधक मानतात.

उसाच्या खोडकिडीवर सोडतात ती कोटेशिया याच ब्रॅकोनिड कुळातली. आपला शेतकरी या कीटकांना मित्रकीटक म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

अळी आणि माशीच्या या नात्याकडे आपल्याकडे आणखी एका नजरेने पाहिलं गेलं. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण सगळ्यांनी पाहिलेली असते. तीही अळी पकडते, पण मारत नाही. डंख मारून बधिर करते, घरट्यात कोंबते, अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी आतून बाहेर पडते ती नवी कुंभारीण. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत ही माशीही आहे. एकनाथांनी तो सगळा भाग मराठीत आणला. कोंडलेला कीटक भयाने भृंगीचंच, म्हणजे या माशीचंच, ध्यान करतो आणि ध्यान करता करता भृंगीच होतो, तसा भक्त देवाशी एकरूप होतो, असा तो दृष्टांत. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, इथवर निरीक्षण चोख आहे. संत कीटकशास्त्र शिकवत नव्हते, त्यामुळे त्यांचे गुण कापण्यात अर्थ नाही. मला यात लक्षणीय वाटतं ते हे की अळीचं भय दृष्टांताने लपवलेलं नाही. उलट ते भयच तिच्या सुटकेची वाट ठरतं.

डार्विनच्या हाती आलेल्या धर्मशास्त्रात अळीसाठी अशी वाट नव्हती. केंब्रिजमध्ये तो पाद्री होण्याच्या बेताने शिकत होता आणि विल्यम पॅली या धर्मपंडिताच्या युक्तिवादावर खूश होता. पॅलीचं म्हणणं सोपं होतं. घड्याळ दिसलं की घड्याळजी असणारच. तसा डोळा दिसला, पंख दिसला की त्यांचा कर्ता असणारच, आणि एवढी उत्तम सोय लावणारा कर्ता चांगलाच असणार. पण इथे एक अडचण होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. डोळ्याच्या रचनेचं श्रेय कर्त्याला द्यायचं, तर अंडनलिकेच्या रचनेची जबाबदारीही त्याच्याच नावावर पडते. आणि ती रचना डोळ्याइतकीच सफाईदार आहे.

डार्विनची श्रद्धा का ढळली, यावर बहुतेक जण लगेच अ‍ॅनीचं नाव घेतात. डार्विनची ही लाडकी मुलगी २३ एप्रिल १८५१ रोजी इंग्लंडमधल्या माल्व्हर्न या गावी वारली, अवघ्या दहाव्या वर्षी. तिथे डॉ. गली यांचे जलोपचार चालू होते. डार्विन तिच्या उशाशी होता. त्याची बायको एमा गरोदर असल्याने घरी अडकली होती. आठवड्याभरात त्याने तिच्याविषयी काही पानं लिहून ठेवली. ती आजही कोरड्या डोळ्यांनी वाचून होत नाहीत. मुलगी गेली आणि बापाने देव सोडला, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण डार्विनने स्वतः ती तशी कुठेच सांगितलेली नाही. २०१२ साली दोन अभ्यासकांनी कागदपत्रं तपासून हेच दाखवलं. आत्मचरित्रात तो म्हणतो, अविश्वास माझ्यावर अतिशय हळूहळू चढत गेला, इतका हळू की मला त्याचा त्रासही जाणवला नाही. लग्नाच्या सुमारास, १८३९ साली, एमाने त्याच्या शंकांबद्दलची काळजी एका पत्रात लिहिली होती. म्हणजे अ‍ॅनीच्या जन्माआधीच शंका होत्या. ते पत्र त्याने जन्मभर जपलं. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे की मी गेल्यावर तुला कळावं, मी याचं कितीदा चुंबन घेतलं आणि यावर कितीदा रडलो.

अ‍ॅनीच्या जाण्याने काहीच बदललं नाही, असं मी म्हणणार नाही. पण आत्मचरित्रात दुःखाचा मुद्दा मांडताना तो आपलं दुःख पुढे करत नाही. माणसाच्या दुःखाचं समर्थन काहींनी करून पाहिलं आहे, तो म्हणतो. त्यातून माणूस नैतिकदृष्ट्या सुधारतो, असं लोक म्हणतात. पण अनंत काळ चाललेल्या लक्षावधी हलक्या प्राण्यांच्या हालांचं काय? त्यांच्यात तर काही सुधारणा होत नाही. मूल गमावलेल्या माणसाने अळीसाठी भांडावं, हे विलक्षण आहे.

त्याचं स्वतःचं उत्तर १८५९च्या पुस्तकातच आहे. कोकिळवर्गातल्या पक्ष्याचं पिल्लू सावत्र भावंडांना घरट्याबाहेर ढकलतं, मुंग्या गुलाम पाळतात, इक्न्यूमॉनची पिल्लं जिवंत अळी खातात. या प्रेरणा मुद्दाम दिलेल्या नसून एका सर्वसाधारण नियमाचे छोटे परिणाम आहेत, असं मानणं त्याला जास्त समाधानाचं वाटतं. अळीवर कोणी रागावलेलं नाही. तिची परीक्षाही चाललेली नाही.

वेदनेलाही त्याने याच नियमात बसवलं. दुखणं फार काळ टिकलं तर प्राणी खचतो. पण अचानक आलेल्या संकटापासून स्वतःला वाचवायला ते उपयोगी पडतं, असं तो म्हणतो. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काही मुलांना जन्मापासून वेदनाच होत नव्हती. कारण होतं एससीएन९ए या एका जनुकातला बिघाड. चेतातंतूंत वेदनेचा संदेश उठवणारी सोडियमची वाट त्याने बंद पडते. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदावं वर्ष पुरं होण्याआधीच घराच्या छतावरून उडी मारल्याने तो दगावला.

अळीचं काय? तिला आपल्यासारखं दुःख होतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण इजेची जाणीव कीटकांना नक्की असते. फळमाशीच्या अळीला परजीवी माशीने अंडनलिका टोचायला सुरुवात केली की ती अंगाभोवती गरगर लोळते आणि बऱ्याचदा सुटते. ज्या चेतापेशी ही लोळण घडवतात, त्या बंद केल्या की अळी सापडते. म्हणजे टोचणारी नळी आणि टोचल्याची जाणीव एकाच झटापटीत घडत गेल्या आहेत. हे कळल्यावर ‘का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं प्रयोगशाळेच्या कक्षेत येत नाही, आणि डार्विननेही ते आणलं नाही. ग्रेला त्याच पत्रात त्याने लिहिलं की हा सगळा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही, कुत्र्याने न्यूटनच्या मनाचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे.

त्याने नास्तिक ही पाटीही लावून घेतली नाही. १८७९ साली एका पत्रात त्याने स्वतःला अज्ञेयवादी म्हटलं. निसर्गात ईश्वरी योजना पाहणाऱ्या ग्रेच्या लेखांची पुस्तिका इंग्लंडमध्ये खपावी म्हणून त्याने खटपट केली आणि पदरचे पैसेही घातले. वाद जिंकायचाच असता तर हे कोण करेल?

तो कठोर झाला तो एकाच ठिकाणी. न मानणाऱ्यांना कायमचा नरक, या शिकवणीप्रमाणे आपले वडील, भाऊ आणि जवळचे जवळजवळ सगळे मित्र नरकात जाणार, आणि ही शिकवण निंद्य आहे, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं. १८८७ साली आत्मचरित्र छापलं गेलं तेव्हा हा मजकूर गाळला गेला. तो परत आला १९५८ साली, त्याच्या नातीने काढलेल्या आवृत्तीत. मजकूर छापला जाऊ नये असं एमाचं मत होतं. हस्तलिखितावर तिने टिपून ठेवलं होतं की हा उतारा फार ओबडधोबड वाटतो. अविश्वासाबद्दल अखंड शिक्षा देणाऱ्या त्या शिकवणीवर कितीही कडक बोललं तरी कमीच, पण तिला आता ख्रिस्ती धर्म म्हणणारे फार थोडे उरलेत, असंही तिने तिथेच लिहिलं होतं.